मदत हवी आहे : टाकाऊ वस्तूंमध्ये मुलांनी पेरलेली रोपं आडवी पडतायत

घरात दोन पोरं, थोरली आठची, धाकटा पाचचा. दोघांनाही स्वतःच्या हातांनी झाडं लावायची आहेत. नवीन काही आणायचं नाही असं ठरवून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, टिश्यू रोलच्या नळ्या आणि प्लास्टिकचे कप जमवले. (थोरली आता कचऱ्याच्या डब्यावर पहारा देते, काही टाकूच देत नाही.) त्यात टोमॅटो, झेंडू आणि घेवडा पेरला. उगवलं सगळं, पण पुढे अडलंय.

ट्रेमधली माती सकाळी भिजवली तरी दुपारी कोरडी ठणठणीत. नळ्यांवर बाहेरून पांढरी लव धरलीय. टोमॅटोची रोपं उंच, फिकट, दोऱ्यासारखी झालीत, आणि कपांमधली काही मातीलगत बारीक होऊन कोसळली. शिवाय धाकटा रोज बोट खुपसून "बी उठलं का" बघतो ते वेगळंच.

भांडी चुकली की माती? त्या बुरशीने मुलांना काही होईल का? झारी काढून घ्या असं कृपया सुचवू नका, मग त्यांना करायला उरणार काय!

प्रतिसाद
ट्रेच्या खळग्यात माती मावते जेमतेम दोन-तीन चमचे, त्यात पुठ्ठा ओल शोषून हवेत सोडतो. वाळणारच. टोमॅटो-झेंडूसाठी कपच बरे. तळाला तीन-चार भोकं पाडा, तापवलेल्या सुईने, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

नळ्या घेवड्यासाठी उत्तम. मूळ सरळ खाली जातं आणि नळीसकट लावलं की दुखावत नाही. फक्त त्या सुट्या ठेवू नका, एखाद्या डब्यात दाटीने उभ्या करा. लावताना मातीच्या वर राहिलेली कड फाडून टाका, नाहीतर ती वातीसारखी ओल वर ओढून वाळवत राहते.

पांढरी लव बहुधा पुठ्ठ्यावर जगणारी बुरशी आहे, रोपांना सहसा त्रास देत नाही. हवा खेळती ठेवा, मुलांना हात धुवायला लावा. घरात कुणाला दमा असेल तर मात्र त्या नळ्या सरळ फेका.

प्रतिसाद
तुमच्याकडे दोन वेगळे प्रकार झालेत, त्यांची गल्लत नको. उंच आणि फिकट म्हणजे उजेड कमी. खोलीतला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, रोपाला नाही. अगदी खिडकीशी ठेवा आणि रोज कप फिरवा. फिरवायचं काम थोरलीला द्या.

मातीलगत बारीक होऊन पडणं हा रोग आहे, रोपं कोलमडण्याचा. पिथियम, रायझोक्टोनिया असले मातीतले बुरशीसारखे जीव तो करतात. पडलेलं रोप वाचत नाही, आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका. सतत चिंब माती, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा या तिन्हींत तो फोफावतो. वर झाकण ठेवत असाल तर कोंब दिसताच काढा. कुंडीतली जुनी माती वापरू नका, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कप साबणाने धुऊनच पुन्हा वापरा.

झारी राहू दे, पण पाणी ताटलीत ओतायचं. कप त्यात ठेवायचे, वरची माती ओलसर दिसली की उचलायचे, उरलेलं पाणी फेकायचं. कितीही उत्साहाने ओतलं तरी रोप बुडत नाही.

धागाकर्ती
ताटली पसंत पडली! पण ते बोट?

प्रतिसाद
बोटाला दुसरीकडे गुंतवा. घेवड्याचं बी रात्रभर भिजवा. काचेच्या बरणीत आतून ओला टिश्यू लावून काच आणि कागदाच्या मध्ये ते सरकवा. आधी मूळ, मग कोंब, सगळं उघड दिसतं. एक बी मुद्दाम उलटं लावा, मूळ वळून खालीच जातं. असं का, हे शोधायला थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज वनस्पती-अभ्यासकाने १८०६ मध्ये बिया फिरत्या चाकावर बांधल्या होत्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब मध्याकडे, म्हणजे मूळ ओढीच्या दिशेने जातं, आणि एरवी ती ओढ गुरुत्वाकर्षणाची असते. आठ वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा, प्रश्न थांबणार नाहीत.

बरणीच्या तळाला पाणी साचू देऊ नका, बी कुजतं. पानं फुटली की मातीत हलवा, बीजदलांमधला साठा कायमचा पुरत नाही.

प्रतिसाद
घेवड्याचं कच्चं बी तोंडात जाऊ देऊ नका, त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात. गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या पेरणीच्या बियांना बहुतेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, त्या मुलांच्या हाती नकोतच. एरंडाचं बी विषारी, ते तर घरातही नको.

धागाकर्ती
आभार. थोरली आता अंड्यांच्या कवचांत पेरू म्हणतेय. आणि कपांमधून मातीत कधी हलवायचं?

प्रतिसाद
कवचात फोटो छान येतो, बाकी काही नाही. माती ट्रेइतकीच कमी, आणि कवच मातीत लवकर विरतही नाही. हौस असेल तर तळाला भोक पाडा आणि लावताना हाताने चुरडा. हलवायचं ते बीजदलांनंतर खरी पानं आली की. उचलताना पानाला धरा, खोडाला नको. पान तुटलं तर दुसरं येतं.