ऑलिव्हर ट्विस्ट शिकवताना डिकन्सचा टोमणा गाळायचा का?

खडूधूळ: संध्याकाळच्या बॅचला इंग्रजी शिकवते, बहुतेक दुकानात नाहीतर रिसेप्शनला काम करणारे. ऑलिव्हर ट्विस्टची सोपी आवृत्ती घेतली. त्यात पोरगं वाडगा पुढे करून आणखी मागतं तो सीन आहे, पण त्याला उपाशी का ठेवलंय ते एका ओळीतही नाही, म्हणजे मॅनेजर दुष्ट, पोरगं बिचारं, संपली गोष्ट. अहो इंग्लंडच्या १८३४ च्या गरिबांच्या मदतीच्या कायद्यामागचा विचारच असा होता की वर्कहाऊसमधलं, म्हणजे मदत मागणाऱ्या गरिबांना ठेवून राबवायच्या जागेतलं, जिणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट पाहिजे, म्हणजे कोणी मदत मागायला फिरकणारच नाही. नवरा, बायको, पोरं सगळी वेगवेगळी ठेवायची. पुस्तकातला मेनू बघा, तीन वेळा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा कांदा, रविवारी अर्धा पाव! आणि वर्कहाऊसला मराठीत अनाथाश्रम म्हणून मोकळे होतात लोक. मी तर मूळ दुसरं प्रकरणच वाचून घेणार, दोन आठवडे लागले तरी.

बोळातला_वाचक: दोन आठवड्यात निम्मी बॅच गळेल. डिकन्स वर्कहाऊस चालवणाऱ्या बोर्डाच्या मेंबरांना फार विद्वान, खोल विचारांचे वगैरे म्हणतो, माझ्या पोरांनी ते खरंच धरलं. मग चाळीस मिनिटं मराठीत टोमणा समजावत बसा, त्यात इंग्रजी कुठाय? त्यांना इंटरव्ह्यू द्यायचेत.

खडूधूळ: टोमणा कळणं हेही इंग्रजीच की. साहेब 'हाऊ क्लेव्हर ऑफ यू' म्हणाला तर थँक्यू म्हणायचं का? सासूबाई "शहाणीच आहेस हो" म्हणतात ते कसं बरोबर कळतं, तिथूनच सुरू केलं तर वर्ग हसतो आणि गाडी पुढे जाते.

काठावर_पास: मूळच वाचायचं तर सगळं वाचा मग. पोरांना चोऱ्या शिकवणाऱ्या फेगिनला पानोपानी 'द ज्यू' म्हटलंय. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी पत्र लिहून जाब विचारला, तेव्हा कुठे नंतरच्या आवृत्तीत बरेच ठिकाणी काढलं डिकन्सने. गरिबांचा कैवारी, पण हे त्याचं त्याला दिसलं नव्हतं. वर्गात सांगणार की हेही गुपचूप गाळणार?

खडूधूळ: नव्हतं सांगितलं. सांगायला हवं होतं.

डबा_घरचा: ऑलिव्हर सोडाच, डिकन्सच्याच हार्ड टाइम्सचं दुसरं प्रकरण घ्या, १८५४ चं, संवादच जास्त आहेत. सर्कशीत घोड्यांमध्ये वाढलेल्या सिसीला घोड्याची व्याख्या येत नाही, आणि वर्गातला तो बिट्झर नावाचा पोरगा धडाधडा सांगतो, चार पाय, गवत खातो, चाळीस दात. इथे टोमणा समजवावा लागत नाही, आपण सगळे त्याच वर्गातून आलोय. फक्त माझ्याकडे दोघांनी ती व्याख्या अंडरलाइन करून पाठ केली 😭

बोळातला_वाचक: दोघांनीच? माझ्या अख्ख्या बॅचने केली असती. मी आपला सोपी आवृत्तीच वापरणार.