मदत हवी आहे: तास कमी केले की काम कुणाकडे जातं?
बाळंतपणाच्या रजेबद्दल सगळे बोलतात, अडतं ते रजेनंतर. स्वीडनमध्ये मूल 8 वर्षांचं होईपर्यंत आईला किंवा वडिलांना कामाचे तास 25 टक्क्यांपर्यंत कमी करून घेता येतात. जपानमध्ये 3 वर्षांपर्यंत दिवसाला 6 तासांची सोय आहे. भारतात पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, पण ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेबाहेरच्या बायकांचा हा पगार मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून नोकरी देतानाच हात आखडतो. (ही खरी मेख!)

तास घटले की पगारही घटतो, कामाचा ढीग मात्र तेवढाच राहतो. या देशांत नोकरी करणाऱ्यांनी सांगावं: उरलेलं काम दुसऱ्या कुणाला लेखी वाटून देतात का? बढतीच्या वेळी कमी तास कसे धरतात? आणि वडील ही सवलत कितपत घेतात?