जमीन माझी, पण तिच्याखालचे पाणी कोणाचे?

केळीबागाईत, यावल तालुका:
वडिलांनी खोदलेली आमची 90 फुटांची विहीर यंदा एप्रिलमध्ये पहिल्यांदाच तळापर्यंत आटली. शेजारच्या बागायतदाराने तिसरी कूपनलिका 600 फुटांवर नेली असून तिच्यावर त्याची 12 एकर केळी उभी आहे. ऐन उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला 20 लिटरच्या आसपास पाणी लागते आणि एकरी साधारण 1,700 झाडे असतात, म्हणजे त्या एका बागेला रोज चार लाख लिटर पाणी जाते. आमच्या सालदाराची बायको मात्र दोन हंड्यांसाठी टँकरची वाट पाहत उन्हात उभी असते. शेजाऱ्याने चोरी केलेली नाही, स्वतःच्याच जमिनीत खोदले आहे, हे मला मान्य आहे. मग मीही कर्ज काढून 700 फूट जावे का?

पांझराकाठ, धुळे:
भाऊ, जाऊ नका. तुम्ही 700 फूट गेलात की तो 800 फूट जाईल आणि या चढाओढीत आधी बुडेल तो ज्याला बँक दारात उभे करत नाही असा दोन एकरवाला.
आमच्या आजोबांनी पांझरेवर फड पद्धत पाहिली होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि त्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचे मोठमोठे भाग, म्हणजे फड, पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि बऱ्याच शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असायची. पाणी कमी असले की किती फड भिजवायचे हे गाव ठरवी, त्यामुळे कोरडा राहिलेला फड एकट्या गरिबाच्या वाट्याला येत नसे. पाणी शेतमालकाने स्वतः घ्यायचे नाही, ते पाटकऱ्याने द्यायचे, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा नियम होता, असे मला वाटते. ती माणसे आपल्यापेक्षा कमी लोभी होती असे मी म्हणणार नाही. लोभाला हात घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

कायद्याचा विद्यार्थी, जळगाव:
1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मान्य केला आणि उपशाला मर्यादा घातली नाही. पण महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने, जो 2014 मध्ये अमलात आला, शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. 600 फूट हा आकडाच पुरेसा बोलका आहे.

कूपनलिकाधारक, रावेर तालुका:
मी स्वतः तीनदा खोदले आहे. दोनदा नुसता धुरळा निघाला, तिसऱ्यांदा पाणी लागले, आणि त्याच महिन्यात खालच्या शेतातल्या म्हातारबांची विहीर आटली. ते भांडायला आले नाहीत. संध्याकाळी येऊन फक्त विचारले, "बाबा, गुरांना एक हौद भरून देशील का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या हंगामात शिवारातले आम्ही सहा जण एकत्र बसलो, कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावायची केळी, निम्मी केली आणि नाल्यातला गाळ काढून पावसाचे पाणी जुन्या विहिरींत सोडले. म्हातारबांच्या विहिरीत यंदा मार्चपर्यंत पाणी होते.

केळीबागाईत, यावल तालुका:
कर्जाचा अर्ज मी परत घेतला आहे. शेजाऱ्याकडे उद्या सकाळी जातो. ग्रामसभेआधी त्याच्याशीच बोलणे योग्य होईल. रावेरच्या दादांनी नाल्याचे पाणी विहिरीत सोडण्यापूर्वी ते कशातून गाळले, तेवढे कृपया सांगावे.