मेंदूविज्ञानाच्या संशोधकाची निवड: एच-इंडेक्स बघायचा की पेपर वाचायचे?

धंतोलीकर (धागालेखक)
आपल्या नागपुरातल्या एका संस्थेत मेंदूविज्ञानाच्या जागेसाठी छाननी झाली. अर्ज एच-इंडेक्सच्या उतरत्या क्रमाने लावले, वरच्या पाच जणांना मुलाखतीला बोलावलं. छाननीच्या खोलीत एकाही अर्जदाराचा एकही पेपर उघडला गेला नाही. ही पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एच-इंडेक्स हा आकडा 2005 साली होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. तुमच्या 20 पेपरांचा प्रत्येकी निदान 20 वेळा संदर्भ दिला गेला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स 20. संशोधन थांबवलं तरी तो कमी होत नाही. शंभर लेखकांच्या पेपरात तुमचं नाव मधे कुठेतरी असलं तरी श्रेय पूर्ण. मेंदूच्या स्कॅनवर अनेक देश मिळून काम करतात तिथे अशा लांबलचक याद्या नेहमीच्या झाल्यात. उलट एकट्याने प्रयोगशाळा उभी करून सहा वर्षांत तीन भक्कम पेपर काढणाऱ्याचा एच-इंडेक्स तीनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या पेपरांचे संदर्भ हजारोंनी दिले गेले तरी.

मेडिकल चौक
धंतोलीकर भाऊ, आकडा काढून टाकला तर मागे काय उरते ते पण सांगा ना. गाईड कोण, शिफारसपत्र कोणाचं, समितीत ओळखीचं कोण! मी गोंदियाकडच्या गावातून आलो, घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी कोणी फोन करणार नव्हतं. माझ्या पेपरांचे संदर्भ परक्या देशातल्या, मला न ओळखणाऱ्या लोकांनी दिले, म्हणून समितीला माझं नाव बाजूला सारता आलं नाही. मोठ्या संस्थेत शिकलेल्यांना आकडा नकोसा वाटू शकतो, आमची तर तीच ढाल आहे.

पीएचडी_चालू
मेडिकल चौक दादांशी शंभर टक्के सहमत.

आकडेमोड
पण दादा, संदर्भ जास्त म्हणजे काम खरं, असं मानायचं का? अल्झायमरवरचा 2006 सालचा 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतला पेपर घ्या. अमायलॉइड बीटा या मेंदूत साठणाऱ्या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपामुळे उंदरांची स्मृती जाते, असा त्याचा दावा. दोन हजारांहून जास्त वेळा संदर्भ दिला गेला. 2022 मध्ये त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचा संशय जाहीरपणे मांडला गेला आणि 2024 मध्ये पेपर मागे घेतला. एवढी वर्षं तो मोजदादीत वरच होता.

आणि 1951 चा ऑलिव्हर लाउरी यांचा पेपर, आजवर सर्वाधिक संदर्भ मिळालेल्यांपैकी एक, तीन लाखांच्या वर. त्यात आहे काय, तर प्रथिनं मोजायची पद्धत. फार उपयोगी, वाद नाही. पण मेंदूच्या रसायनशास्त्रात लाउरींनी आयुष्यभर जे केलं ते त्या तीन लाखांतून दिसत नाही.

सिकलसेल_विदर्भ
इथे मला आपल्या भागाचं बोलायचं आहे, जरा लांबेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात मुलांना पक्षाघाताचा धोका असतो. 1998 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं की कवटीवरून डॉप्लर (ध्वनिलहरींची तपासणी) लावून मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा वेग मोजायचा, तो सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त द्यायचं, की पहिल्या झटक्याचा धोका 92 टक्क्यांनी घटतो. त्या पेपरचे संदर्भ जगभर दिले जातात, द्यायलाच हवेत.

पण आपल्याकडे सिकलसेलचा जो प्रकार प्रामुख्याने दिसतो, त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, जे आजाराला आवर घालतं, जास्त टिकतं. म्हणून 200 ची रेषा इथल्या मुलांना तशीच लावायची की नाही, हे इथेच तपासावं लागेल. गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांवर वर्षानुवर्षं डॉप्लर करणाऱ्याचा पेपर बोस्टनमध्ये कोण उद्धृत करणार? पण नागपुरातल्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डातल्या मुलासाठी तोच पेपर कामाचा. हे काम करणारा माणूस उतरत्या यादीत विसावा लागतो आणि मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. मला याची फार चीड येते.

मेडिकल चौक
ताई, हे पटलं. सिकलसेल माझ्याही नात्यात आहे. तरी माझी अडचण सुटली नाही. पेपर वाचायचे म्हणता, वाचणार कोण? समितीत मेंदूविज्ञान कळणारा एखादाच असतो, आणि तोच कोणाचा तरी गाईड निघतो.

धंतोलीकर
दादा, म्हणून बाहेरचे वाचक हवेत. प्रत्येक अर्जदाराने आपले तीन पेपर निवडावेत, त्यात स्वतःचा वाटा काय हे एका पानात लिहावं. नाव झाकून ते राज्याबाहेरच्या दोघांकडे पाठवा. पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर (तिच्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) माणसाच्या मूल्यमापनाला लावू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही आहे.

आकडेमोड
छापील पेपरवर नाव झाकून उपयोग नाही, शीर्षक शोधलं की लेखक सापडतो.

मेडिकल चौक
तेच म्हणतो मी. नाव झाकू नका, उलट अभिप्राय उघडा ठेवा. वाचकाने सहीनिशी लिहावं, आणि नाकारलेल्या अर्जदाराला स्वतःवरचा अभिप्राय मागितल्याबरोबर मिळावा. तेवढी हमी द्या, मी एच-इंडेक्सचा आग्रह सोडतो. तोवर नाही.