आयुष्याच्या एका वर्षाची किंमत ठरवावी का?

अन्वय:
महागडं औषध एखाद्या रुग्णाला नाकारलं की आपण चिडतो. पण त्याच पैशातून ज्यांचं डायलिसिस किंवा लसीकरण झालं असतं, त्यांची बातमी कधीच होत नाही. म्हणून मला ब्रिटनची पद्धत पटते. १९९९ साली सुरू झालेली तिथली 'नाइस' ही संस्था उपचाराने आयुष्य किती वाढतं आणि ते किती चांगल्या तब्येतीत जातं, हे एकत्र मोजते. अशा एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च रास्त, ही मर्यादा तिने बरीच वर्षं पाळली. सरकारी पैसा कुठेतरी संपणारच. कुठे आणि का संपला, हे उघड सांगण्यात जास्त माणुसकी आहे.

रेवती_स:
अजिबात सहमत नाही. या हिशोबात पूर्ण आरोग्याचं वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, बाकीचे मध्ये कुठेतरी. म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाचं एक वर्ष वाचवलं तर ते कमी भरणार! अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्याने मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याला, अशी मर्यादा वापरायला मनाई केली, आणि अपंगत्वामुळे आयुष्याचं मोल घटवणाऱ्या मापाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

पारिजात:
ओरेगॉन राज्याने १९९० मध्ये अशाच हिशोबाने उपचारांची क्रमवारी लावली होती. त्यात दाताला कॅप बसवणं अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर आलं!

अन्वय:
आणि लोकांनी ती यादी पाहिली, म्हणूनच ती बदलावी लागली. बंद दाराआडच्या निर्णयावर कोण बोट ठेवणार?

मीनल:
उपचार म्हणजे फायदाच, असं तुम्ही सगळेच धरून चालला आहात. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीसोबत थायरॉइडची सोनोग्राफी स्वस्तात होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या सुमारे १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास तेच राहिलं. हजारो लोकांची ग्रंथी काढली गेली, त्यातल्या बहुतेकांना जन्मभर गोळी. काहींचा आवाज गेला. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा ऑपरेशनं कमी झाली.

रेवती_स:
मीनल, हे पटलं. पण निरुपयोगी तपासणी थांबवणं वेगळं आणि दुर्मिळ आजाराच्या मुलाचं औषध थांबवणं वेगळं.

अन्वय:
म्हणूनच अतिदुर्मिळ आजारांसाठी 'नाइस'ने २०१७ पासून १ लाख पौंडांची वेगळी मर्यादा ठेवली.

रेवती_स:
मर्यादा वाढली, माप तेच राहिलं. कुठल्या अवस्थेला किती गुण द्यायचे, हे तिथे सर्वसामान्य लोकांना ती अवस्था कल्पून ठरवायला सांगतात. अपंगत्वासह जगणारे बरेच जण स्वतःच्या आयुष्याला त्याहून जास्त गुण देतात. त्यांचे गुण धरून हिशोब मांडा, मग मर्यादेचं बोलू.