स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया ही हौस आहे का?

माधवी_स :
स्तनांचा आकार कमी करून घेणे ही हौस असून तिचा खर्च विम्यातून मागणे म्हणजे इतरांच्या हप्त्यांवर डल्ला मारणे आहे, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. माझ्या दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी बोट बसेल एवढे खोल वळ पडले आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटते आणि तिथे सुती रुमालाची घडी ठेवल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. कंपनीने 'कॉस्मेटिक' एवढेच कारण देऊन कॅशलेस नाकारले. विमा नियामक आयआरडीएआयच्या 8 क्रमांकाच्या अपवर्जनात, म्हणजे विम्यातून काय वगळायचे ते सांगणाऱ्या कलमात, अपघात, भाजणे आणि कर्करोग यांच्या जोडीने, आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करणाऱ्या आवश्यक उपचारालाही सूट आहे, हे आपण वाचले आहे का?

हिशेबनीस :
वाचले आहे, आणि 'थेट आणि तातडीचा' हेच शब्द तुमच्या विरोधात जातात. पाठदुखीने जिवाला तातडीचा धोका नसतो. माझे वडील निवृत्तिवेतनातून हप्ता भरतात आणि तो वाढतच चालला आहे. आधी वजन उतरवून पाहावे.

नाशिककर_वहिनी :
हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले आहेत. माझ्या धाकट्या बहिणीने 11 किलो वजन उतरवले. कंबर उतरली, गाल बसले, स्तन मात्र जवळजवळ तेवढेच राहिले, कारण त्यांत ग्रंथींचा भाग मोठा होता आणि तो उपासाने झडत नाही. धावायला जावे म्हणता, पण त्या ओझ्यासह धावायचे कसे, हे कोणी सांगत नाही. शेवटी तिने मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडली.

हिशेबनीस :
एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. ज्यांच्या स्तनांत चरबी अधिक असते, त्यांना वजन उतरल्याने फरक पडतो. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेलाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35, अशी अट आहेच ना? मग येथेच मोजमाप का नको?

शल्यविभाग :
मोजमाप हवेच. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्या प्लास्टिक सर्जन श्नूर यांचा 1991 मधील तक्ता वापरतात. शरीराच्या पृष्ठफळानुसार किती ग्रॅम ऊती काढावी लागेल, हे त्यात पाहतात. आपल्याकडे असा आकडा अपवर्जनात नसल्यामुळे सारी भिस्त डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर येते. माधवीताई, कॅशलेस नाकारले म्हणजे दावा संपला असे नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांचे कागद, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि खांद्यांची छायाचित्रे जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

हिशेबनीस :
'हौस' हा शब्द मागे घेतो. मोजमापाविना मंजुरी देण्यास माझा विरोध कायम आहे.

माधवी_स :
मोजायला मी कधीच नकार दिला नव्हता. मला कोणी तपासलेच नाही. आणि हप्ता मीही 14 वर्षे भरते आहे.