कॉइलची नक्षी पुरे, आधी वात नीट भरा

वायरवाला:
परवा एका मित्राने त्याचा आरटीए (ई-सिगारेटची टाकी, जिच्यात कॉइल आणि वात आपणच बसवायची) माझ्याकडे आणून टाकला, म्हणे कॉइल, म्हणजे ज्यूस तापवून वाफ करणारी तार, गेली, दर तिसऱ्या झुरक्याला घसा करपतो. उघडला तर आत फ्यूज्ड क्लॅप्टन, म्हणजे तारेवर तार गुंडाळलेली नक्षीदार कॉइल, इतकी सुबक की नुसती बघत बसावी. आणि ज्यूस शोषणारी कापसाची वात? अशी कोंबलेली की जरा ओढली तर अख्खी कॉइल पोस्टवरून (तार आवळायच्या खुंट्यांवरून) वाकडी झाली, वर दोन्ही शेपट्या ज्यूसच्या खाचांत बोळा करून दाबलेल्या. ज्यूस चढणार कुठून? कॉइलला मी हातसुद्धा लावला नाही, फक्त कापूस बदलला, शेपट्या विरळ केल्या, आणि गाडी सुरळीत.

तर माझं म्हणणं असं की आपल्यातले बहुतेक लोक चुकीच्या जागी डोकं चालवतात. एलियन, फ्यूज्ड, स्टेपल, रोज नवीन नक्षी, आणि कापूस मात्र हाताला येईल तेवढा. माझी रोजची कॉइल म्हणजे २६ गेजची साधी कांथल तार, ३ मिमीच्या दांड्यावर ६ वेढे, मीटरवर ०.८ ओहमच्या आसपास, १८ वॅट. तीन वर्षं यात बदल केलेला नाही आणि करायची गरजही वाटली नाही. चांगल्या वातीला साधी वायर पुरते, वाईट वातीला कुठलीच नाही. आता हाणा.

पिळदार:
हाणतोच. वातीचं मान्य, पण त्यावरून "साधी वायर पुरते" हा निष्कर्ष कसा निघाला? क्लॅप्टन म्हणजे जाड गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली, गिटारच्या तारेसारखी, नावही गिटारवाल्यावरूनच पडलंय. त्या बारीक तारेच्या फटींत ज्यूस धरून राहतो आणि वाफ व्हायला जागा जास्त मिळते, चव तिथून येते राव. साध्या वायरीवर चव येते पण सगळी एका सुरात. कस्टर्डच्या ज्यूसमध्ये मागून येणारा व्हॅनिला मला साध्या कॉइलवर कधी सापडला नाही. आणि लोक छंद म्हणून कॉइल बांधतात तर बांधू द्या की, तुमच्या १८ वॅटचं काय जातंय?

वायरवाला:
@पिळदार छंदाला कोण नाही म्हणतंय. पण क्लॅप्टनमध्ये धातू जास्त, म्हणून तापायला वेळ, म्हणून तुम्ही वॅट वाढवणार, वॅट वाढले की ज्यूस जास्त लागणार, आणि तो आणायचा कुणी? वातीनेच ना! म्हणजे तुमच्या कॉइलला वात माझ्यापेक्षा जास्त नीट लागते आणि नेमकं तिथेच तुम्ही लोक आळस करता.

थोडं गणित. माझ्या कॉइलची तार अंदाजे ०.४ मिमी जाड, वेढ्यांत गेलेली लांबी साधारण ६४ मिमी, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग ८० चौरस मिमीच्या जवळपास. १८ वॅट भागिले ८० म्हणजे दर चौरस मिमीला सव्वादोनशे मिलिवॅट. मला ही उष्णता कोमट नाही आणि करपटही नाही. नुसते ओहम बघून कॉइल ठरवणारे हा हिशोब कधीच करत नाहीत, ०.८ ओहम बारीक तारेनेही येतो आणि जाड तारेनेही, ओढताना मात्र दोन्ही वेगळ्या लागतात.

उगाचएक:
वायरवाल्याला +१. बाकी काही म्हणायचं नव्हतं, सही करून गेलो.

तापमापी:
तुम्ही दोघंही मूळ मुद्द्याला बगल देताय. वात कितीही छान भरली तरी टाकी संपत आली किंवा लागोपाठ चार झुरके मारले की ती कोरडी पडणारच. तेव्हा काय? स्टेनलेस ३१६एल तार वापरा आणि मॉड (बॅटरीचा डबा) टेम्परेचर कंट्रोलवर (टीसी) टाका, विषय संपला. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, मॉड ते मोजतो आणि ठरवलेल्या तापमानाला करंट तोडतो. २०१४ ला डीएनए ४० ही मॉडची चिप आली तेव्हापासून ही सोय आहे आणि लोक अजून कांथलवर कापूस जाळतायत. कांथलचा रेझिस्टन्स तापला तरी जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे मॉडला काही कळतच नाही. निकेल २०० आणि टायटॅनियमवरही टीसी चालतं, पण निकेल फार मऊ, आणि टायटॅनियम लाल होईपर्यंत तापवायचं नसतं, वर पांढरी ऑक्साइडची भुकटी येते. म्हणून स्टीलच.

वायरवाला:
@तापमापी स्टीलचं टीसी मी वापरून सोडलंय. ०.५ ओहमची स्टीलची कॉइल २०० अंशांनी तापली तर रेझिस्टन्स वाढतो किती, तर साधारण ०.०९ ओहम. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा! आता पोस्टचा स्क्रू किंचित ढिला झाला आणि ०.०२ ओहम इकडचे तिकडे झाले की तुमचं तापमान चाळीसेक अंशांनी चुकलं. मॉड म्हणतो २१०, आत खरे किती ते कुणाला माहीत. स्क्रू दोन-चारदा गरम-गार झाल्यावर परत आवळा असं मी नवीन पोरांना सांगून थकलो, कुणी आवळत नाही. टीसी वाईट नाही, पण वात भरता येत नाही म्हणून टीसी लावणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून ट्यूब बांधून फिरणं.

तापमापी:
ट्यूब बांधलेला माणूस बुडत नाही, एवढंच म्हणतो.

जुनेखोड:
पोरांनो, कापूस यायच्या आधीची गोष्ट ऐका. आम्ही दोन-तीन मिमीची सिलिकाची दोरी वापरायचो, ती जळायची नाही. कॉइल लाल करायची, काळा थर जळून जायचा, दोरी तीच. पण ज्यूस संथ चढायचा, आणि बारीक तंतू सुटून छातीत जातील अशी धाकधूक कायम असायची. जेनेसिस प्रकारची टाकी वापरणारे स्टीलच्या जाळीची सुरळी वात म्हणून घालायचे, ती आधी टॉर्चवर भाजून वर ऑक्साइडचा थर आणायचा, नाहीतर तार जाळीला टेकून शॉर्ट. मी त्या हॉटस्पॉटपायी कित्येक संध्याकाळी घालवल्यात, एक वेढा लखलखीत पांढरा आणि बाकीचे थंडगार. कापूस आला आणि हे सगळं एका आठवड्यात अडगळीत गेलं. चव कुठल्या कुठे सुधारली! म्हणून वायरवाल्याच्या बाजूने सांगतो, माझ्या इतक्या वर्षांत चवीतली सगळ्यात मोठी उडी वातीने मारली, कॉइलने नाही.

पण त्याच्या विरुद्धही एक. "कापूस" म्हणून थांबू नका, रेयॉन बघा. कापूस ओला झाला की फुगतो म्हणून कॉइलमध्ये थोडा सैल ठेवावा लागतो. रेयॉन फारसा फुगत नाही, तो कापसापेक्षा घट्ट भरायचा, वात सरकताना तारेला चांगली घासली पाहिजे. लोक रेयॉन कापसासारखा सैल भरतात, मग करपतो, मग शिव्या घालतात.

पिळदार:
@जुनेखोड काका, रेयॉन दोनदा भरला, दोनदा करपला. आता कळलं का ते.

सहजविचारले:
मी ओढत नाही, वाचत होतो फक्त. हे सगळं फुफ्फुसात जातं ना? आणि मध्यंतरी फॉर्मल्डिहाइडचं काहीतरी आलं होतं, त्याचं पुढे काय झालं?

तापमापी:
@सहजविचारले ओढत नसाल तर सुरूच करू नका, निकोटिनची सवय लागते आणि मग सुटत नाही, हे आधी. तुम्ही म्हणता ते २०१५ सालचं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छोटं पत्र होतं. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडली. त्यावर फार्सालिनोस वगैरे संशोधकांनी त्याच वर्षी अॅडिक्शन या जर्नलमध्ये दाखवलं की आल्डिहाइड प्रचंड वाढतात ते ड्राय पफमध्ये, म्हणजे वात कोरडी पडून करपल्यावर, आणि ती चव इतकी घाण असते की माणूस आपोआप थांबतो. याने वाफ निर्धोक ठरत नाही. पण करपलेला झुरका हा नुसता चवीचा प्रश्न नाही, एवढं यातून कळतं, आणि म्हणूनच मी टीसी टीसी करत असतो.

वायरवाला:
हा मुद्दा मात्र माझ्या बाजूने धरतो, वातीचं महत्त्व तुम्हीच सिद्ध केलंत :) ठीक आहे, टाकीच्या तळाशी टीसी कामाला येतं, मान्य.

मेकॅनिकल:
अवांतर, पण कुणीच बोललं नाही म्हणून. वरचं सगळं रेग्युलेटेड, म्हणजे चिपवाल्या मॉडचं चाललंय. बिनचिपच्या मेक मॉडवर ०.२ ओहमची फ्यूज्ड क्लॅप्टन लावाल तर भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर, आणि मध्ये अडवणारी एकही चिप नाही. सेल तेवढा करंट सतत द्यायला बनलेला नसेल किंवा त्याचं प्लास्टिकचं आवरण फाटलेलं असेल तर वात कशी भरली याला काही अर्थ उरत नाही. कॉइलचा कापलेला पाय कॅपला टेकत नाही ना हेही बघा, माझा एकदा टेकला होता आणि बटण इतकं तापलं की बोटाला फोड आला.

पिळदार:
आज सकाळी वायरवाल्याचं ऐकून करून पाहिलं. कॉइल माझीच, फ्यूज्ड क्लॅप्टन, हटणार नाही. आधी चिमट्याने दाबत दाबत हलक्या पल्सवर तापवली, मधल्या वेढ्यापासून बाहेर सारखी लाल होईपर्यंत. मग कापसाच्या पॅडचे वरचे दोन्ही पापुद्रे सोलले, तंतूंच्या दिशेने पट्टी कापली, टोक वळून कॉइलमधून ओढली. जरा अडली पण कॉइल हलली नाही. शेपट्या सुईने विंचरल्या, निम्मा कापूस तर सुईवरच निघून आला, आणि तिरक्या कापून खाचांत नुसत्या टेकवल्या, दाबल्या नाहीत. दुपारपर्यंत दोन टाक्या संपल्या, एकही ड्राय हिट नाही. व्हॅनिलाही सापडला, पण तो क्लॅप्टनमुळे, तुमच्या वातीमुळे नाही.

आता फक्त हवेच्या भोकातून थोडं गळतंय.

वायरवाला:
शेपट्या जास्तच विरळ केल्यास. सुई कमी फिरव.